एका परागाच्या फ्रेमपायी

विमलभाभी, इतकी वर्षं मी तुम्हाला अहो-जाहो करत आले. तुम्ही वयानं मोठ्या, मंठ्याच्या पेठेतल्या, आडत दुकानाच्या घरातल्या. मी वाटूरकडच्या शेतातली. आता नाही करणार. आता तू. मायेनं म्हणत नाही, रागानं म्हणतेय. ज्या माणसाला समोर बसवून फाडफाड बोलायचं असतं, त्याला तुम्ही म्हणून भागत नाही.

तू जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. बायका येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही. मला संताप येतो. चहा ठेवताना येतो. मोसंबीला पाणी देत दारं धरताना येतो. परवा पाणी दुसऱ्या आळ्यात वळवायचं सोडून खोरं तसंच हातात धरून उभी होते, निम्मा पाट फुटून वाहून गेला, आणि आमचे हे म्हणाले, "कुणाशी भांडून राह्यली?" मी म्हटलं, "भाभीशी." त्यांनी खोरं घेतलं आणि पाट बांधला.

आपली ओळखसुद्धा भांडणानंच झाली. दिवस हेच, माघाचे. आमच्या बांधावरच्या बाभळीला मधमाश्यांचा घोस येऊन लटकला, आणि ह्यांनी नेहमीच्या रिवाजानं कडब्याची पेंडी पेटवायला घेतली. तेवढ्यात नाल्यापलीकडून एक बाई धावत आली. अंगावर सुती साडी, पायांत मोजे, मोज्यांवर चपला, डोक्यावर जाळीची टोपी आणि हातात पुठ्ठ्याचं खोकं. तुझा तो अवतार बघून मी आधी हसले.

"ओ दादा, पेटवू नका! माझ्या माश्या आहेत त्या."

"तुमच्या?" मीच बोलले. "नाव लिवलंय का त्यांच्यावर?"

"सकाळी माझ्या पेटीतून उठल्या. मागं मागं पळत आले मी."

"झाड आमचं हाय."

"झाड ठेवून घ्या. माश्या द्या."

असं म्हणून ह्यांच्या हातातली पेंडी तू काढून घेतलीस. परक्या बाईनं माझ्या नवऱ्याच्या हातातली वस्तू ओढून घेतली, आणि तो माणूस नुसता बघत राहिला. मग फांदीखाली खोकं धरलंस, एक हिसका दिलास, आणि तो घोस सगळाच्या सगळा आत पडला. मी तोंडाला पदर लावून तुझ्यामागं तुझ्या शेतात आले. मदतीला म्हणून नाही. ही बाई पुढं काय करते ते बघायला.

ज्या पेटीतून माश्या उठल्या होत्या ती तू उघडलीस. मी म्हटलं, उपाशी असतील, म्हणून गेल्या. तूही तेच धरून चालली होतीस. पेट्या आणून तुला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग एक फ्रेम वर काढलीस, लाकडी चौकटीतलं ते पोळं उन्हाकडं धरलंस. पोळ्याची भोकं ठासून भरलेली होती. ज्वारीचा फिकट पिवळा पराग, करडईचा नारिंगी, मोसंबीचा हळदीसारखा. रांगोळी घालून ठेवावी तसं. दुसरी फ्रेम काढली, तीही तशीच. तिसरी तशीच. राणीला अंडं घालायला एक भोक मोकळं नव्हतं.

"संगीता, बघ गं," तू म्हणालीस. नाव तू मला चालता चालता विचारून घेतलं होतंस. "कोठी भरलेली पाहिजे, हे बराबर आहे. पण ह्यांनी तर पाळण्यात पण धान्य भरून ठेवलं. मंग लेकरं कुठं ठेवायची? म्हणून घर सोडलं बायांनी."

माझ्या डोक्यात तोवर एकच हिशोब होता. आमच्याकडं उणेपणानं माणसं गाव सोडतात. भरलेलं घर जास्त भरल्यापायी कुणी सोडतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी घरी गेले ती दुसऱ्या दिवशी परत यायचं ठरवूनच.

पुढं तू शिकत गेलीस आणि मला ओढत गेलीस. माघात आपल्या भागात सगळंच एका दमात फुलतं. करडई पिवळी होते, मोसंबीला आंब्या बहार येतो, मागास ज्वारी निसवते, कणसं बाहेर टाकते. माश्यांना कळत नाही पुरे कधी म्हणायचं. पायांना गोळे लावून आणत राहतात, जिथं भोक दिसेल तिथं ठेवत राहतात, आणि पेटीच्या मधोमध, जिथं राणी अंडी घालते, तिथंच परागाची भिंत उभी राहते. भरलेली फ्रेम मधे आली की राणी ती ओलांडून पलीकडं जात नाही. पलीकडं मोकळी जागा असली तरी जात नाही. मग त्या भिंती काढायच्या. परागाच्या फ्रेमा पेटीच्या कडेला सरकवायच्या, मधे बांधलेलं रिकामं पोळं द्यायचं, आणि चार दिवसांनी बघायचं की राणी आली का. तू मला अंडी बघायला शिकवलंस. "ऊन पाठीमागं घे. खांद्यावरून येऊ दे. आता भोकाच्या तळाला बघ." मला कितीतरी दिवस काही दिसलं नाही. आणि एक दिवस दिसलं, प्रत्येक भोकात एक, दोऱ्याच्या तुकड्यासारखं उभं. मी ओरडलेच. तू म्हणालीस, "हळू. त्यांना बी कान असतील."

आणि तुझं ते मधाचं. जैनाच्या घरची तू, मध जिभेला लावायची नाहीस. कांदा खायची नाहीस. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून काम अर्धवट टाकून डबा उघडायचीस आणि मलाही बसवायचीस. आणि हीच बाई गावोगावच्या कांद्याच्या बियाण्याला माश्यांच्या पेट्या पुरवायची. मी तुला चिडवायचे, "भाभी, जे तुम्हाला चालत न्हाई त्याचाच धंदा मांडलाय तुम्ही." तू म्हणायचीस, "मी धंदा फुलांचा करते. मोसंबी धरली पाहिजे, बी भरलं पाहिजे. मध त्यांचा, त्यांना ठेवू दे." पेटीतून कधी मधाची फ्रेम काढू दिली नाहीस. मी एकदा बोट बुडवून चाटलं तर तू तोंड फिरवून उभी राहिलीस, आणि मग पाण्याचा तांब्या पुढं केलास, हात धुवायला. रागावली नव्हतीस. पण धुवायलाच लावलेस.

आपलं खरं भांडण जादा फ्रेमांवरून. कडेला सरकवून सरकवून किती सरकवणार? पेटीला कडा दोनच. उरलेल्यांचं काय, यावर दरसाल आपली जुंपायची. माझं म्हणणं साधं होतं. जास्तीच्या फ्रेमा कमजोर पेट्यांना देऊन टाका, नाहीतर पोळं कापा, मेण वितळवा, चौकट मोकळी करा. तू म्हणायचीस, कमजोर पेटीत माश्या थोड्या, एवढा पराग त्यांना झाकता येणार नाही, बुरशी येईल, मेणकिडा लागेल. आणि कापायचं म्हटलं की तुझा चेहराच बदलायचा. "त्यात चुकून-माकून अंडी असतात, संगीता. कापायचं बिलकुल नाव काढू नको." मंग ठेवायच्या. पावसाळ्यात बाहेर काही मिळत नाही तेव्हा परत द्यायच्या. पण ठेवायच्या कुठं? तुझ्या घरच्या फ्रीजमधे शक्य नव्हतं, तुझ्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. मग माझ्या फ्रीजमधे! पिठीसाखर भुरभुरून, कपड्यात गुंडाळून तू त्या घेऊन यायचीस, आणि आमचे हे दूध कुठं ठेवायचं ते विचारत घरभर भांडं घेऊन फिरायचे.

"भाभी, हे चुकीचं करून राह्यलो आपण. ज्याला आज लागतं त्याला आज द्या ना."

"आज सगळ्यांनाच मिळतंय गं. भूक पुढं आहे."

हे भांडण मिटलं नाही. दरसाल तिथंच सोडायचो आणि पुढल्या साली तिथूनच उचलायचो. यंदाच्या फ्रेमा माझ्या फ्रीजमधे आहेत. पावसाळ्यात कळेल कुणाचं बरोबर होतं. कळेल, आणि मी सांगू कुणाला? हा एक राग आहे माझा. भांडण अर्ध्यात टाकून जाणारी माणसं मला आवडत नाहीत.

पण मोठा राग वेगळा आहे.

गेल्या वर्षी माघात तू बदललीस. पेट्यांजवळ यायचं तू बंद केलंस. मोसंबीच्या सावलीत लांब उभी राहायचीस, पदर घट्ट लपेटून, आणि तिथून मला सांगायचीस, दुसरी काढ, तिसरी पलट, कडेला लाव. मी म्हटलं, "हे काय नवीन? हुकूम सोडायला लागल्या तुम्ही." तू म्हणालीस, चष्म्याचा नंबर वाढलाय, जवळचं दिसत नाही. मी म्हटलं, मग चष्मा करा. तू म्हणालीस, करते. वर्षभर करते म्हणत राहिलीस. मला वाटलं, वय झालं, कंटाळली असेल. मी तुझे हुकूम पाळत गेले. तुझ्या सांगण्यात चूक नसायची, लांबून उभी राहूनसुद्धा माश्यांच्या आवाजावरून पेटीत काय चाललंय ते तुला कळायचं.

तुझं मला हे सांगायचं राहिलं की आदल्या हंगामात माशी चावल्यावर तुझ्या अंगभर गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले होते. श्वास घुसमटला होता. तू एकटी रिक्षानं डॉक्टरकडं गेल्तीस आणि घरी येऊन म्हणालीस, गोळीची रिॲक्शन आली.

यंदाची गोष्ट. तीर्थपुरीला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, मी दोन दिवस आधीच गेले. निघण्याआधी आपण पेट्या बघितल्या. बघितल्या म्हणजे मी उघडल्या, तू झाडाखालून बघितल्या. विहिरीजवळच्या पेटीत परागाची भिंत धरायला लागली होती. मला निघायची घाई, म्हटलं, लग्नाहून येते आणि करते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. मागं वाजंत्री वाजत होती, मी एका कानावर हात ठेवून बोलत होते.

"संगीता, विहिरीजवळच्या पेटीचा आवाज बदललाय. दाराशी गर्दी करून राह्यल्या. उठायच्या बेतात आहेत गं."

"उद्या अक्षता पडल्या की दुपारी निघते. तुम्ही हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत. तू आरामात ये. जेवूनखाऊन ये."

तू माझ्याशी बोललेलं हे शेवटचं. आणि ते खोटं होतं. किती गोड आवाजात खोटं बोललीस गं! जेवूनखाऊन ये म्हणे.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडायच्या आधीच बळीरामचा फोन आला. बळीराम तुमच्या शेतावर सालानं राहतो, साधा माणूस, त्याला धड बोलता येईना. "ताई, भाभीला माशी चावली. गाडीत घातलं. लई सुजल्या." मला आधी काही वाटलंच नाही. माशी तर मला आठवड्याला चावते. मग तो म्हणाला, "बोलनात," आणि मी मांडवातून उठले.

हे आणि मी मोटरसायकलवर थेट मंठ्याच्या दवाखान्यात आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सुभाषभैया, तुझे यजमान, बाकावर बसले होते. हातात तुझ्या चपला होत्या, कुणी दिल्या कोण जाणे. डॉक्टर बाहेर आले. तरुण आहेत, त्यांचाही चेहरा उतरला होता. ते भैयांना म्हणाले, "मी मागंच सांगितलं होतं यांना. पुन्हा माशी चावली तर जिवावर बेतेल, पेट्यांच्या आसपास फिरकू नका म्हणून. घरच्यांना घेऊन या म्हटलं होतं. आल्या नाहीत परत."

भैयांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याच क्षणी माझ्याही तोंडून तेच निघालं. "तुम्हाला माहीत होतं?"

दोघांनाही माहीत नव्हतं. पण आम्ही काही वेळ एकमेकांवर विश्वास ठेवला नाही. त्यांना वाटत होतं, ही रोज बरोबर असायची, हिला माहीत असणारच. मला वाटत होतं, घरातल्या माणसाला कळलं नाही असं कसं होईल. तू तिथं आत पडली होतीस आणि बाहेर आम्ही दोघं एकमेकांकडं चोराकडं बघावं तसं बघत होतो. हे तू केलंस. तुझ्या एका लपवण्यानं केलंस. मी डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी परत विचारलं. ते परत तेच म्हणाले.

का लपवलंस ते मला कळतं. सांगितलं असतंस तर भैयांनी त्याच दिवशी पेट्या शेताबाहेर काढल्या असत्या. घरात आधीच कुरबूर होती. पण मला? मला सांगायला काय झालं होतं? सगळ्या पेट्या मी माझ्या बांधावर आणल्या असत्या. तू माझ्या ओट्यावर बसून हुकूम सोडले असतेस, मी ऐकले असते. तुला वाटलं, मी भैयांना सांगेन. सांगितलं असतं! नक्की सांगितलं असतं. तुझ्या दारात उभी राहून ओरडून सांगितलं असतं, आणि तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस तरी चाललं असतं. तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच तू तोंड बंद ठेवलंस.

बैठकीला तुझ्या घरी गेले. पांढऱ्या चादरीवर बायका बसल्या होत्या. त्यातली एक, तुझ्या नात्यातलीच, माझ्या शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, जीव कोंडून ठेवायचे, त्यांची कमाई खायची, मग असंच होणार. हळू बोलली, पण मला ऐकू यावं इतकं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "ह्या बाईनं मधाचं बोट कधी चाटलं न्हाई. त्यांच्या पोटातलं काही घेतलं न्हाई. तुमच्या घरात मोसंबी येते ना खायला? ती तिच्या माश्यांनी धरली होती." बैठकीत असं बोलतात का? नाही बोलत. पण मला तेव्हा कुणाशीतरी भांडायचं होतं आणि तू उपलब्ध नव्हतीस.

भैयांनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. ते म्हणाले, "पेट्या घेऊन जा. विका, वाटा, काहीही करा. मला त्या शेतात दिसायला नकोत."

"नेते. पण बहार झडू द्या, भैया. आणि इथंच बाजूला नेल्या तर माश्या जुन्या जागी परत येतात. लांब न्याव्या लागतील, माझ्या भावाकडं तीर्थपुरीला."

"किती लांब ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तिनं मला एकदा पण आत काय असतं ते दाखवलं न्हाई." मी म्हटलं, "तुम्ही बघायला आलात का कधी?" ते वळून आत गेले. मला त्यांची कीव यायला हवी होती. ती पण आली नाही.

दोन दिवसांनी मी विहिरीजवळची पेटी उघडायला गेले. एकटी जाणार होते, पण बळीराम आला. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते सगळं सांग, काही गाळू नको. त्यानं सांगितलं. सकाळी तू आलीस, टोपी घातलीस, हातमोजे घातलेस, त्याला म्हणालीस, लांब राहा. तो पलीकडं मोसंबीच्या बुंध्यांना आळी करत होता. थोड्या वेळानं त्यानं बघितलं तर तू वाकून पायाला हात लावत होतीस. मोजा खाली घसरला होता, घोट्याला चावली होती. त्यानं हाक मारली, "भाभी, काय झालं?" तू हातानंच खूण केलीस, काही नाही. परत पेटीकडं वळलीस. फ्रेम उचललीस, ठेवलीस. दुसरी उचललीस, ठेवलीस. झाकण लावलंस. झाकणावरचा दगड ठेवलास. आणि मग खाली बसलीस आणि म्हणालीस, "बळीराम, गाडी बोलव. जल्दी."

"आधी का न्हाई हाक मारली?" मी त्याच्यावरच ओरडले.

"म्या इचारलं ना ताई, गाडीत घालताना. म्हणल्या, फ्रेम हातात होती."

फ्रेम हातात होती!

तुला माहीत होतं काय होणार आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदा अंगावर निघालंही होतं. माशी चावली त्या क्षणी तुझ्या हातात काय होतं? लाकडाच्या चार पट्ट्या, मेण आणि पराग. टाकायची होती. उघडी टाकून पळायचं होतं. पेटी उघडी राहिली असती, माश्या उठल्या असत्या, मुंग्या लागल्या असत्या, राणी मेली असती. मरू द्यायची. दुसरी राणी होते गं, त्या स्वतः करतात, तूच शिकवलंस मला. तुझ्यासारखी दुसरी आम्ही कुठून करायची?

मी टोपी घालून पेटी उघडली. सगळं जागच्या जागी होतं. परागाच्या फ्रेमा कडेला, भिंतीला टेकून. मधे रिकामं पोळं. दोन फ्रेमांमधलं अंतर बोटानं मोजावं इतकं सारखं. ऊन पाठीमागं घेतलं, मधली फ्रेम वर धरली. तळाला अंडी होती. पार कडेपर्यंत, एक भोक न सोडता. मधोमध तर अळ्याही दिसायला लागल्या होत्या, दुधात तरंगणाऱ्या. राणी तुझ्या मागोमाग चालत आली असणार, तू गाडीत असताना.

बळीराम म्हणाला, "बरं हाय ना ताई आत?"

"बरं हाय," मी म्हटलं. फ्रेम होती तिथं परत बसवली. तुला वाटेल, तुझं काम बघून माझा राग गेला असेल. नाही गेला. इतकं नेटकं काम बघून जास्त आला. मला ती पेटी विस्कटलेली हवी होती. झाकण लांब फेकलेलं, फ्रेमा मातीत पडलेल्या, आणि तू मंठ्याच्या दवाखान्यातल्या खाटेवर, तोंड सुजलेलं, माझ्या शिव्या खात.

बहार झडला. पेट्या आता तीर्थपुरीला आहेत. पण मला तुला सांगायचंय ते त्यानंतरचं.

आपल्या भागातल्या ज्या बायकांना तू पेट्या देऊन शिकवलंस, त्यांना मी घरी बोलावलं. सगळ्या आल्या, तुझ्यासाठी म्हणून आल्या. चहा झाला, डोळे पुसून झाले. मग मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "आता एकेकीनं माझ्याकडं बघून सांगायचं. माशी चावल्यावर कधी अंगभर गांधी उठल्या? ओठ सुजले? दम लागला? चक्कर आली?" एकेक जण नाही म्हणत गेली. रुक्मिण बोलली नाही. वाटूरच्या वस्तीवरची रुक्मिण, तू सगळ्यांत शेवटी जिला पेट्या दिल्यास, जिच्या घरामागं त्या शेवग्याखाली ठेवल्यात. तिनं खाली बघितलं.

"रुक्मिण?"

"एकदा झाल्तं. पण उन्हाचं असंल."

"गळा आवळल्यासारखा झाल्ता का?"

"जरासा."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. आत तुझी दिलेली जाळीची टोपी होती. ती काढून घेतली. म्हटलं, तुझ्या पेट्या आज संध्याकाळी मी उचलते. ती उसळली. म्हणाली, "मेहनतीनं वाढवल्यात म्या. चांगला जोर धरलाय. भाभींनी मला दिल्यात, तुम्ही कोण न्यायच्या?" मी म्हटलं, मी कुणी नाही, पण नेणार. ती रडली. तिच्या नवऱ्याला मी सगळ्यांसमोर फोन लावला आणि डॉक्टरांचं नाव सांगितलं, काय विचारायचं तेही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही माझी इज्जत घालवली." म्हटलं, घालवली. उन्हं उतरल्यावर, माश्या सगळ्या घरी आल्यावर, मी टेम्पो घेऊन गेले. ती दारात उभी राहून मला बोलत होती, आणि तोंडाला येईल ते बोलत होती. मी पेट्यांची दारं जाळीनं बंद केली, दोरीनं आवळल्या आणि घेऊन आले.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या नवऱ्यानं तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं आणि तुला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. फरक इतकाच की या वेळी नवरा शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता.

रुक्मिण माझ्याशी बोलत नाही. काल वाटूरच्या फाट्यावर समोरून येत होती, मला बघून रस्ता ओलांडून पलीकडं गेली. टोपलीत शेवग्याच्या शेंगा होत्या, कडेवर पोरगी होती, तोंड फुगलेलं होतं, रागानं.

मी तिथंच उभी राहून ती पार दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले. न बोलू दे. जिती आहे.